दामदुपटीची कुळकथा

धनकोने एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज मागायचे नाही, हा दामदुपटीचा नियम. शंभर रुपये दिले असतील तर थकलेले व्याज धरून फार तर दोनशे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात पैशाच्या कर्जाला ही मर्यादा घातली आहे. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातली न्यायालये हिंदू ऋणकोंना तिचा लाभ देत.

पळवाट मात्र होतीच. जुन्या खताच्या जागी नवे लिहून थकलेले व्याज मुद्दलात घातले, की दुपटीची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. १८५९च्या मुदतीच्या कायद्याने तर ही पळवाट हमरस्ता करून टाकली. दावा तीन वर्षांत लावायचा, हे बंधन खरे तर कुळाच्या भल्यासाठी. पण सावकार मुदत संपण्याआधी नवे खत लिहून घेऊ लागले. निरक्षर कुळ अंगठा उठवी आणि व्याजाचे मुद्दल होई. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकरी उठले, दंगा पुणे-नगर भागात पसरला. त्यांचा रोख होता खतांवर. हाती लागतील ती त्यांनी जाळली.

त्यातून १८७९चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा आला. खतावरचा आकडा बाजूला ठेवून व्यवहाराचा मुळापासून हिशेब तपासण्याचे अधिकार न्यायाधीशाला मिळाले. या साऱ्या कुळकथेतले सर्वांत शहाणे पाऊल मला हेच वाटते. पुढे १९४६च्या मुंबई सावकारी कायद्याने दामदुप्पट सर्वधर्मीयांना लागू केली, पण बँका त्याबाहेर राहिल्या. १९८४पासून अमलात आलेल्या बँकिंग कायद्याच्या कलम २१अ ने, केवळ व्याज जाचक आहे म्हणून बँकेचा व्यवहार न्यायालयाने उकरू नये, असे ठरवले.

क्रेडिट कार्ड वाढले ते याच आडोशाला. महिना साडेतीन टक्के दराने, चक्रवाढ सोडून नुसते सरळ व्याज धरले तरी, २९ महिन्यांत ते मुद्दलाच्या पुढे जाते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांवरचे वार्षिक व्याज अनुचित ठरवले होते. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. दर ठरवणे आयोगाच्या अधिकारात नाही, असे न्यायालयाचे म्हणणे.

मग ते काम संसदेने आणि रिझर्व्ह बँकेने करावे. गावच्या सावकाराला जी मर्यादा पाळावी लागते, तिच्यातून बँकेला सूट देण्याचे कारण नाही.