सहा हजार नंबरचं पोर्ट

लिनक्सवर एक्स या विंडो सिस्टीमच्या सर्व्हरचं ६००० नंबरचं पोर्ट वर्षानुवर्षं उघडं राहिलं, ही जुन्या लोकांची बेफिकिरी होती असं आमच्या खात्यात नवीन आलेली पोरं सर्रास म्हणतात. मला ते पटत नाही. ते पोर्ट उघडं असणं हाच तर एक्सचा मुद्दा होता.

१९८४ साली एमआयटीत बॉब शाइफ्लरने स्टॅनफर्डची डब्ल्यू ही विंडो सिस्टीम घेतली, तिचा प्रोटोकॉल बदलला आणि एक्स उभी केली. तिथल्या प्रोजेक्ट अथीनात वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं होती. प्रोग्राम दूरच्या तगड्या यंत्रावर चालावा आणि त्याची खिडकी विद्यार्थ्याच्या टेबलावर उघडावी, एवढीच मागणी. म्हणजे ज्याच्यापुढे पडदा आणि कीबोर्ड, त्याचंच यंत्र सर्व्हर. आणि सर्व्हर म्हटला की त्याने कान उघडे ठेवायलाच हवेत. १९८७ साली एक्स ११ आली. पहिल्या डिस्प्लेला ६०००, दुसऱ्याला ६००१.

खरी आफत 'एक्सहोस्ट प्लस' या आज्ञेने केली. दूरची खिडकी उघडेना की कुणीतरी हमखास हा मंत्र सांगायचं, आणि काम व्हायचंही! फक्त त्यानंतर जगातल्या कुठल्याही यंत्राला तुमच्या पडद्यावर मुभा. तुम्ही टाइप केलेली प्रत्येक कळ वाचता यायची, पासवर्डसकट. 'एक्सडब्ल्यूडी' या प्रोग्रामने पडद्याचं चित्रही उचलता यायचं. मॅजिक कुकी, म्हणजे सर्व्हरला दाखवायची गुप्त खूण, हा त्यातल्या त्यात बरा उपाय, पण तीही नेटवर्कवरून उघडीच जायची.

१९९५ मध्ये हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या टाटू युलोनेनने एसएसएच हे सुरक्षित दूर-लॉगिनचं साधन लिहिलं आणि ६००० ची गरजच संपली. दूरच्या प्रोग्रामला तिथल्या तिथेच ६०१० वर एक नकली डिस्प्ले मिळतो, पुढचा प्रवास कुलूपबंद. तरीही एक्स सर्व्हरच्या मूळ डीफॉल्टमध्ये पोर्ट उघडंच राहिलं.

मग बंद करायचं काम आमच्यासारख्यांच्या गळ्यात. 'स्टार्टएक्स' आज्ञेने एक्स सुरू होत असेल तर 'एक्ससर्व्हरआरसी' फाइलमध्ये '-नोलिसन टीसीपी' जोडायचं. पण यंत्रावर जीडीएम या लॉगिन-पडद्यातून लॉगिन होत असेल तर ती फाइल कुणी वाचतच नाही, तिथे 'डिसअलाउटीसीपी' ही सेटिंग. केडीएम या दुसऱ्या लॉगिन-पडद्याची तऱ्हा तिसरी. एका ठिकाणी लावून खूश व्हावं, तर 'नेटस्टॅट'मध्ये ६००० पुढे 'लिसन' तसंच. वर, लोकल प्रोग्राम '/टीएमपी'मधल्या युनिक्स सॉकेटवरून बोलतात, त्यामुळे पोर्ट बंद झालं तरी त्यांचं काही अडत नाही, हे वरिष्ठांना पटवून देणं वेगळंच.

अखेर २०१५ च्या एक्स.ऑर्ग सर्व्हर १.१७ ने टीसीपीवर ऐकणं मुळातच बंद ठेवलं. आता ज्याला पोर्ट उघडं हवं त्याने '-लिसन टीसीपी' लिहावं. तशी विनंती घेऊन कुणी आलं की एसएसएचने काम का भागत नाही, हे मी आधी विचारतो.