पेशी आणि जंतू : परळच्या कर्करोग-संशोधनाचा मागोवा

महाराष्ट्रातील कर्करोग-संशोधनाचा आरंभ मुंबईच्या गिरणगावात, परळमध्ये झाला आणि तो होण्याच्या कितीतरी आधी परळ हे साथीच्या रोगांच्या अभ्यासाचे ठिकाण म्हणून ओळखले जाऊ लागले होते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरल्यानंतर वाल्डेमार हाफकिन यांनी त्यावर लस तयार केली व १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली; १९२६ मध्ये त्याच परिसरात केईएम रुग्णालय आणि सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा विश्वस्त निधीतून उभारलेले टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. जंतूंवर काम करणारे आणि गाठींवर काम करणारे शास्त्रज्ञ असे शेजारी-शेजारी आल्यामुळे येथील संशोधनात संसर्ग आणि कर्करोग हे दोन विषय आरंभापासूनच एकमेकांत गुंतले आणि पुढील ८० वर्षांत ही गुंफण दोन दिशांनी वाढत गेली : संसर्गातून कर्करोग कसा होतो हा एक प्रश्न आणि कर्करोगाच्या रुग्णाला संसर्ग का मारतो हा दुसरा.

या परंपरेचे जनक डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) हे विकृतिशास्त्रज्ञ, म्हणजे रोगाने ऊतींमध्ये घडवलेले बदल सूक्ष्मदर्शकाखाली वाचणारे वैद्य होते. वैद्यकीय महाविद्यालयांतील अध्यापनानंतर ते टाटा मेमोरियलच्या प्रयोगशाळांचे प्रमुख झाले. १९४५ मध्ये सूर्याबाई यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी लोकांच्या राहणीशी जोडलेले कर्करोगाचे प्रकार मांडले. त्यांत कमरेला घट्ट कसलेल्या धोतराच्या सततच्या घर्षणाने त्या जागी होणारा त्वचेचा कर्करोग होता आणि तंबाखूच्या सवयीशी निगडित असलेला तोंडाचा कर्करोगही होता. याच काळात त्यांचे दुसरे मोठे काम कुष्ठरोगावर चालू होते. एकाच माणसाने हे दोन रोग हाती घ्यावेत हे आज चमत्कारिक वाटते. परंतु त्वचेचा आणि मज्जातंतूंचा तुकडा कापून तपासणाऱ्याच्या दृष्टीने शरीराची ऊती दीर्घकाळच्या त्रासाला कसा प्रतिसाद देते, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच होता.

१९५२ मध्ये त्यांच्या पुढाकाराने परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. त्याच वर्षी पुण्यात विषाणू संशोधन केंद्र, म्हणजे आजची राष्ट्रीय विषाणू संस्था, सुरू झाले. परळच्या केंद्रात ज्यांनी पेशीविज्ञानाचा पाया घातला त्या डॉ. कमल रणदिवे (१९१७–२००१) या मूळच्या पुण्याच्या होत. त्यांचे शिक्षण हुजूरपागेत, फर्ग्युसन महाविद्यालयात आणि पुण्याच्या कृषी महाविद्यालयात झाले आणि वनस्पतींच्या गुणसूत्रांवर काम केल्यानंतर त्या खानोलकरांच्या हाताखाली कर्करोगाकडे वळल्या. १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाल्यावर त्यांनी बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गे यांच्याकडे ऊतिसंवर्धन, म्हणजे शरीराबाहेर काचपात्रात पोषक द्रवात पेशी जिवंत ठेवून वाढवण्याचे तंत्र शिकून घेतले आणि परत आल्यावर देशातील अशा पहिल्या प्रयोगशाळांपैकी एक परळमध्ये उभी केली.

रणदिवे यांच्या संशोधनाचा एक मुख्य विषय उंदरांमधील स्तनाचा कर्करोग हा होता. अमेरिकेत जॉन बिटनर यांनी १९३६ मध्ये दाखवून दिले होते, की उंदराच्या काही वंशांत हा रोग आईच्या दुधातून पिलांकडे जातो. तो नेणारा घटक विषाणू असल्याचे नंतर निश्चित झाले. विषाणू, संप्रेरके आणि आनुवंशिकता यांपैकी एकाने रोग घडतो की तिघांच्या संयोगाने, हे रणदिवे यांनी पारखले. याच केंद्रात कुष्ठरोग्यांच्या ऊतींपासून एक जिवाणू वेगळा करून वाढवण्यात आला, संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘आयसीआरसी’ हे नाव पडले आणि पुढे त्यापासून कुष्ठरोगावरची लस तयार होऊन तिची मोठ्या लोकसमूहावर चाचणीही झाली. १९६६ मध्ये हे केंद्र टाटा मेमोरियलमध्ये विलीन झाले आणि त्याचे प्रगत रूप पुढे नवी मुंबईतील खारघर येथे वसले.

संसर्गातून कर्करोग उद्भवण्याचा सर्वांत ठळक पुरावा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने दिला. ज्या गे यांच्याकडे रणदिवे शिकल्या त्यांच्याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये गर्भाशयमुखाच्या गाठीतील ‘हेला’ पेशी वाढवल्या गेल्या. या पेशींत मानवी पॅपिलोमा विषाणूचा १८ वा प्रकार दडलेला आहे, हे १९८० च्या दशकात जर्मनीतील हाराल्ड त्सूर हाउसेन यांच्या गटाने दाखवले आणि या कामाबद्दल त्यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या ज्ञानाचा ग्रामीण जीवनाला किती उपयोग, याची कसोटी मात्र मराठवाड्यात लागली. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने इतर संस्थांसह तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर जी चाचणी केली, तिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले : आयुष्यात एकदा केलेल्या विषाणू-तपासणीने या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्वाव्हॅक’ या लसीला परवानगी मिळाल्यावर प्रतिबंधाचे साधनही पुणे जिल्ह्यातच तयार होऊ लागले.

दुसरी दिशा उपचारांनीच निर्माण केली. केमोथेरपीची औषधे वेगाने विभागणाऱ्या पेशींना मारतात. अस्थिमज्जेतील रक्तपेशीही तशाच वेगाने विभागत असल्याने त्यांनाही झळ बसते आणि जंतूंना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी, म्हणजे न्यूट्रोफिल, घटतात. रुग्णांच्या भाषेत यालाच ‘काउंट पडणे’ म्हणतात. अमेरिकेतील जेराल्ड बोडी यांनी १९६६ मध्ये दाखवले, की या पेशी जितक्या कमी असतात व जितका जास्त काळ कमी राहतात, तितका गंभीर संसर्गाचा धोका वाढतो. घनमिलिमीटरमागे ५०० ही धोक्याची मर्यादा आजही पाळली जाते. पू आणि सूज या पेशींमुळेच दिसतात. त्यामुळे त्या नसताना न्यूमोनियासुद्धा फारशा खुणा न दाखवता वाढतो आणि ताप हेच एकमेव लक्षण उरते. म्हणूनच १९७१ मध्ये स्टीफन शिम्फ यांच्या गटाने जंतूची ओळख पटण्याची वाट न पाहता ताप दिसताच दोन प्रतिजैविके सुरू करण्याची पद्धत मांडली.

टाटा मेमोरियलमध्ये १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी अस्थिमज्जा प्रत्यारोपण सुरू केले आणि त्याच दशकात मुलांच्या रक्ताच्या कर्करोगासाठी तीव्र औषधयोजना रूढ होऊ लागली, तेव्हा हे ज्ञान अपरिहार्य झाले. बरे होणाऱ्या मुलांची संख्या वाढली, पण उपचारकाळात दगावणाऱ्यांमध्ये संसर्गाचे बळी लक्षणीय राहिले. येथील जंतूंचे चित्रही पाश्चात्त्य ग्रंथांहून वेगळे होते : ई. कोलाय आणि क्लेब्सिएला यांसारखे आतड्यातील जिवाणू अनेक प्रतिजैविकांना दाद देत नाहीत आणि शरीरात दबून राहिलेला क्षय प्रतिकारशक्ती खालावताच डोके वर काढतो. परिणामी कोणते औषध आधी द्यावे याचे उत्तर प्रत्येक रुग्णालयाला आपल्याच प्रयोगशाळेत वाढलेल्या जंतूंवरून ठरवावे लागते, आणि या निर्णयापुरता सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ हा कर्करोगतज्ज्ञाच्या बरोबरीचा भागीदार ठरतो.

या संपूर्ण इतिहासाचा कस अखेर शहराबाहेर लागतो. शिरूर तालुक्यातील शिक्रापूरजवळचे तळेगाव ढमढेरे यांसारख्या गावातील रुग्ण केमोथेरपीसाठी मोठ्या शहरात जातो, परंतु दोन फेऱ्यांमधले दिवस, ज्यांत काउंट सर्वांत खाली असतो, तो घरीच काढतो. तापाचा रुग्ण दवाखान्यात पोहोचल्यापासून शिरेतून पहिले प्रतिजैविक मिळेपर्यंतचा वेळ शक्यतो एका तासाच्या आत ठेवावा असे शास्त्र सांगते; पॅरासिटामॉल देऊन ताप उतरवला तर एकमेव इशाराच नाहीसा होतो. परळला पेशी आणि जंतू यांचा अभ्यास एकाच छपराखाली झाला, तसाच गावच्या डॉक्टरनेही या दोन्हींचा विचार एकत्र केला, ‘केमो कधी झाली’ हे तापाच्या रुग्णाला आधी विचारले आणि पहिला डोस तिथेच देऊन त्याला पुढे पाठवले, तर या ८० वर्षांच्या संशोधनाचा लाभ त्या घरापर्यंत पोहोचू शकतो.