रान म्हणजे शेत : मिऱ्यांच्या 'काना'ची हकीकत

देशावरच्या एखाद्या गावात सकाळी कुणाच्या घरी जाऊन घरधन्याची चौकशी केली, तर 'रानात गेलेत' असे उत्तर मिळते. या रानात ज्वारी असते, तूर असते, विहिरीवरची मोट गेल्यानंतर बसवलेली मोटर असते. घाट उतरून कोकणात आले की तोच शब्द झाडांनी भरलेल्या डोंगराकडे बोट दाखवतो. एका शब्दात शेत आणि जंगल दोन्ही मावावीत, हा मराठीचा ढिसाळपणा आहे असे कुणाला वाटेल. महसुली दप्तराला तसे वाटत आलेच आहे. तिथे जमिनीला एक रकाना लागतो : एक तर शेत, नाही तर वन.

पण सह्याद्रीत अशी जमीन शतकानुशतके होती, की जी एकाच वेळी दोन्ही होती. उभे, जुने, सदाहरित जंगल, आणि त्याच्या सावलीत पिकणारी मिरी, वेलदोडे, दालचिनी. झाडे तोडून काढलेली ही शेती नव्हती. झाडे होती म्हणून ती होत होती. शिरसी, सिद्दापूर आणि त्यांना लागून असलेल्या शिमोगा जिल्ह्यातील सोरब भागात अशा जंगलाला 'कान' म्हणत. शब्द कानडी आहे, पण हकीकत आपल्याला परकी नाही. उत्तर कानडा ऊर्फ कारवार जिल्हा १८६२ पासून १९५६ पर्यंत मुंबईच्या कारभारात होता, आणि ठाणे-कुलाब्याच्या डोंगरांना ज्या कायद्यांनी कुंपण घातले त्याच कायद्यांनी या कानांनाही घातले.

झाडावरचे पीक

मिऱ्यांची वेल मूळची याच घाटांतली. तिला चढायला जिवंत झाड लागते, डोक्यावर विरळ सावली लागते, मुळाशी पालापाचोळा कुजून झालेली माती लागते आणि पाऊस भरपूर पण पाणी न साचणारा उतार लागतो. ही सगळी तयारी जंगलाने आधीच करून ठेवलेली असते. मग माणसाने करायचे काय?

करायचे पुष्कळ असते. रानटी मिरवेलीत नर आणि मादी वेली बहुधा वेगळ्या असतात, त्यामुळे आपापली वाढलेली वेल भरघोस फळेलच असे नाही. ज्या वेलीवर दोन्ही तऱ्हेची फुले एकत्र येतात आणि घोस भरतात, तिच्या फांद्या हेरून, पावसाच्या तोंडाशी झाडाच्या बुंध्याशी रोवाव्या लागतात. तीही उन्हाचा मारा कमी असलेल्या बाजूला. पेऱ्यांना मुळे फुटून वेल खोडाला धरीपर्यंत तिला बांधून ठेवायचे. खालची झुडपे साफ करायची, सावली दाट झाली तर वरच्या फांद्या उतरवायच्या. तीन-चार वर्षांनी घोस धरतात. थंडीच्या अखेरीस घोसातला एखाद-दुसरा दाणा लालसर झाला की शिडी लावून खुडणी, आणि मग उन्हात वाळवण. हिरवा दाणा काळा होतो तो तिथे.

म्हणजे लांबून पाहणाऱ्याला जे निव्वळ जंगल दिसे, त्यातली बरीचशी वेल माणसाच्या हातची असे. मिरी हे मुख्य पीक, पण एकटे नव्हे. भेर्ली माडाची ताडी आणि त्याच्या गाभ्याचे पीठ, लोणच्याच्या कोवळ्या कैऱ्या देणारे ओढ्याकाठचे रानआंबे, कोकमाच्या कुळातली आंबट फळे, रानजायफळ, दालचिनीची साल, मध. आयुर्वेदातल्या त्रिकटूमधली दोन द्रव्ये, मिरी आणि पिंपळी, अशाच रानातल्या वेलींची. तिसरी सुंठ. स्वयंपाकघर आणि वैद्याची पेटी यांना माल एकाच सावलीतून येत असे.

राणीचे रान

या सावलीवर राज्ये चालली. शरावती नदीच्या काठी गेरसोप्पे हे एका जैन राजघराण्याचे ठाणे होते. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे चेन्नभैरादेवी राज्य करीत होती. तिच्या मुलखातली मिरी नदीने होन्नावरला उतरत आणि तिथून समुद्रापार जात. पोर्तुगीज तिच्याशी कधी लढले, कधी तहाला बसले, आणि त्यांनी तिला नाव दिले 'मिऱ्यांची राणी'. सतराव्या शतकाच्या आरंभी केळदीच्या वेंकटप्प नायकाने हे राज्य जिंकले. १६२३ मध्ये पोर्तुगीजांचा वकील गोव्याहून त्याच्या भेटीला इक्केरीला निघाला, तेव्हा पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी त्याच्याबरोबर होता. राणीच्या त्या पदवीचा उल्लेख त्याच्या पत्रांत आहे. शिष्टाईच्या मुळाशी मिरीच होती.

आपल्या भाषेतही या व्यापाराची एक खूण उरली आहे. पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतून एक तिखट फळ आले, तेव्हा आपण त्याला मिऱ्यावरून 'मिरची' म्हटले. कानडीतही मिरीला 'मेणसू' आणि मिरचीला 'मेणसिनकायी'. तिखटपणाचे माप तोवर मिरी हेच होते.

रान कुणाचे?

१७९९ मध्ये टिपूचा पाडाव झाल्यावर कानडा मुलूख कंपनीकडे आला. नव्या मुलखात काय पिकते ते पाहायला गव्हर्नर जनरल वेलस्ली याने फ्रान्सिस बुकानन या वैद्याला पाठवले. वनस्पतिशास्त्राचा जाणकार असा हा माणूस १८०१ मध्ये कानड्यात फिरला. मिऱ्यांची राने त्याने पाहिली आणि त्यांची निगा कशी राखतात तेही टिपले. कारवारच्या बाजूला त्याला सांगण्यात आले की रान गावच्या देवाचे आहे. झाड तोडायचे तर गावच्या गौडाची परवानगी हवी, आणि हा वंशपरंपरागत गौडच देवाचा पुजारीही असे. लाकूड नेण्याबद्दल तो पैसे घेत नसे. बुकाननने हे प्रामाणिकपणे लिहून ठेवले, पण पुढे शेराही मारला : सरकारने आपली मालमत्ता मागू नये म्हणून ही युक्ती असावी.

पुढच्या शंभर वर्षांचे भांडण या शेऱ्यात आले आहे. गावाच्या लेखी रान राखण्याची एक रीत होती आणि तिला देव साक्षी होता. अधिकाऱ्याच्या लेखी मालक दोनच संभवत, रयत किंवा सरकार. रयतेकडे कागद नाही, म्हणजे सरकार.

पण हा प्रश्न सगळ्याच इंग्रज अधिकाऱ्यांनी इतक्या झटपट निकालात काढला नाही. डीट्रिख ब्रँडिस हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ १८६४ मध्ये हिंदुस्थानचा पहिला वन महानिरीक्षक झाला. १८६८ मध्ये त्याने ग्रँट या अधिकाऱ्याबरोबर सोरब तालुक्यातील कानांची पाहणी केली. एकट्या त्या तालुक्यात कानांखाली सुमारे तेरा हजार हेक्टर जमीन भरली. आसपासचे रान पानगळीचे, मधूनच हे सदाहरित ठिपके. त्यांत मिरवेली लावलेल्या होत्या, गावकरी त्यांची निगा करीत, आणि सरकार त्यावर सारा घेत होते. सारा घेतला जातो, म्हणजे हे रान कुणीतरी कसत होते हे सरकारलाच मान्य होते.

ब्रँडिसची याआधीची कारकीर्द ब्रह्मदेशात गेली होती. तिथल्या 'टाँग्या' पद्धतीत डोंगरावरचे करेन लोक भाताबरोबर सागाची रोपे लावीत. दोन-तीन वर्षे भात घेत, आणि साग वाढून सावली पडली की शेती पुढे सरके. वनखात्याला ही पद्धत आवडली, कारण तिच्या अखेरीस सागाचे रान हाती येत असे. कानात नेमके उलट होते. तिथे सावली पडल्यावर शेती सुरू होई. खात्याला लाकूड हवे होते, आणि कानातल्या झाडाची किंमत ते उभे असेपर्यंतच होती.

१८७८ चा वन कायदा होण्यापूर्वीच्या वादात ब्रँडिसने गावांच्या ताब्यातील जंगलांची बाजू घेतली, तर बेडन-पॉवेल या अधिकाऱ्याने सरकारच्या संपूर्ण मालकीची. कायदा झाला तो बव्हंशी दुसऱ्याच्या मताप्रमाणे. 'ग्रामवन' हे प्रकरण कायद्यात राहिले, पण राखीव जंगल हाच नियम झाला. १८८८ मध्ये कानडा जिल्ह्याच्या जंगलांची हद्दनिश्चिती करणाऱ्या विंगेटने नोंद केली, की कान हे झऱ्यांचे आणि बारमाही ओढ्यांचे आश्रयस्थान आहेत आणि जिथे कान तिथे खाली मसाल्याच्या बागा असतातच. निदान अचूक होते. तरीही पुष्कळसे कान राखीव जंगलात जमा झाले.

ठाण्याचा राब, कानड्याचा पाला

विंगेटने ज्या बागांचा उल्लेख केला त्या खोऱ्यातल्या पोफळीच्या. गोव्यातले कुळागर ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्या लगेच ओळखू येतील : पोफळ, तिच्यावर मिरवेल, खाली वेलदोडा आणि केळ, वरून पाटाने येणारे पाणी. बागेला खत लागे ते वरच्या डोंगरातल्या पाल्याचे. बागाईतदारांची ओरड मोठी होती आणि त्यांना बोलता-लिहिता येत होते. म्हणून एकरभर बागेमागे सुमारे नऊ एकरांपर्यंत डोंगर पाल्यासाठी तोडून देण्याची सवलत त्यांना मिळाली. त्याला 'सोप्पिन बेट्ट', म्हणजे पाल्याचा डोंगर, म्हणतात. ती आजही चालू आहे.

याच काळात उत्तर कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजायला झाडांचे टाळ तोडण्यावरून तंटे चालले होते. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये वनखात्याच्या जाचावर लिहिले ते उगाच नव्हे. ठाणे-कुलाब्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ मध्ये सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला. कोकणातला राब आणि कानड्यातला पाला ही एकाच मागणीची दोन रूपे होती : शेताला रान लागते, म्हणून रानात हात घालू द्या.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. जुनी व्यवस्था म्हणजे रामराज्य होते असे नाही. पाल्याचा हक्क मिळाला तो बागेच्या मालकाला. त्या बागेत खपणाऱ्या मजुराला नव्हे. डोंगरउतारावर कुमरी, म्हणजे फिरती शेती, करणाऱ्या कुणबी आणि इतर जमातींच्या वाट्याला सवलत नव्हे, बंदी आली. कानातल्या मिऱ्यांना उतरती कळा लागण्याचे सगळे खापर कायद्यावर फोडणेही बरोबर नाही. एकोणिसाव्या शतकात सुमात्रातून मिऱ्यांचा पूर जगाच्या बाजारात येत होता, आणि खोऱ्यातल्या बागेत घराजवळ तेच पीक येत असताना दूरच्या चढावर शिडी घेऊन जाणे अनेकांना परवडेनासे झाले असेल.

पण एक गोष्ट कायद्याने खासच केली. वेल लावायची, झुडपे काढायची, वणवा आला तर विझवायला धावायचे, ही कामे ज्याला उद्याच्या घोसाची खात्री आहे तोच करतो. मिरवेलीला फळ धरायला तीन-चार वर्षे लागतात. ज्या रानातून उद्या हाकलतील तिथे कुणी फांदी रोवत नाही. हक्क गेल्यावर राखण गेली. गावाने ज्या झाडांना हात लावला नव्हता ती विसाव्या शतकात खात्याच्याच परवानग्यांनी प्लायवूड आणि आगपेटीच्या कारखान्यांकडे गेली. रान वाचवण्यासाठी गावाला बाहेर काढले होते. मग कुऱ्हाड आत आली तेव्हा 'हे आमचे' म्हणणारे कुणी उरले नव्हते. १९९० च्या दशकात एम. डी. सुभाषचंद्रन आणि माधव गाडगीळ यांनी या कानांचा अभ्यास मांडला, तेव्हा जुन्या कागदांतल्या पुष्कळ नावांचा माग तुटक-तुटक ठिपक्यांतच काढावा लागला.

रकाना

२००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्काची वाट खुली केली. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये असा हक्क मिळाला, आणि २०११ पासून हे गाव आपल्या रानातला बांबू स्वतः विकू लागले. तिथे मिरी नाही, सदाहरित रानही नाही. पण हक्क आणि राखण एकाच हाती असावी ही कानाची मूळ कल्पना तिथे कागदावर उतरली आहे.

आज सह्याद्रीच्या पायथ्याशी झाडांच्या सावलीत मिरी, जायफळ, हळद लावण्याचे प्रयोग होत आहेत, आणि त्यांना नवी नावेही मिळाली आहेत. लावणाऱ्यांना मात्र जुनाच प्रश्न पडतो. झाडे ठेवली तर जमीन उद्या वन म्हणून लागेल का? आणि लागली, तर वेलीवरची मिरी कुणाची? या भीतीने मालकी जमिनीतली झाडे आधीच तोडून टाकणारे शेतकरी कोकणात कमी नाहीत. बुकाननने दोनशे वर्षांपूर्वी मारलेला शेरा त्यांच्या मानगुटीवर अजून बसलेला आहे.

दप्तराला तिसरा रकाना सापडेपर्यंत बोली भाषेने तो जपून ठेवला आहे. 'रानात गेलेत' म्हणणाऱ्या बाईला विचारले, की शेतात की जंगलात, तर ती आपल्याकडे नवलाने पाहील.