किल्लारीचा भूकंप आणि हिमालय

30 सप्टेंबर 1993. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली होती. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली आणि तेरणाकाठची किल्लारी, सास्तूर, होळी, राजेगाव ही गावे काही सेकंदांत ढिगारे झाली. सुमारे दहा हजार माणसे गेली. किल्लारी लातूर जिल्ह्यात, सास्तूर उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये. 1982 पर्यंत मात्र हा सारा मुलूख एकाच जिल्ह्याचा होता.

दख्खनचा खडक हलत नाही, अशी आपली समजूत होती. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळातला नळदुर्गचा पाणीमहाल शतके उभा होता. सरकारी नकाशातही हा भाग सर्वांत कमी धोक्याचा होता. मग हे घडले कसे? कुणी अजाब म्हटले, कुणी देवीचा कोप.

शास्त्रज्ञ उत्तर शोधायला जमिनीत उतरले. किल्लारीला 617 मीटर खोल छिद्र घेतले. वरचा काळा पाषाण 338 मीटरवर संपला. खाली अब्जावधी वर्षांपूर्वीचा खडक लागला. भूकंपात खडकाचा एक भाग दुसऱ्यावर चढला होता. दोन्हीकडून दाब आला की असेच होते.

हा दाब कुठला? भारताची भूमी वर्षाला सुमारे 5 सेंटीमीटर उत्तरेकडे सरकते आणि आशिया खंडाला रेटते. त्यातूनच हिमालय उभा राहिला. हिंदुकुशखाली 200 किलोमीटर खोलवर भूकंप होतात. खाली बुडणाऱ्या खडकाचा माग त्यांच्यावरून लागतो. किल्लारीचा भूकंप मात्र उथळ होता, आणि त्याने दुसरी गोष्ट दाखवली: त्या टकरीचा ताण हजार किलोमीटरांहून दूर, आपल्या शेताखालच्या जुन्या भेगांपर्यंत पोहोचतो.

पण एवढी माणसे का मेली, याचे उत्तर खडकात नाही. 6.2 तीव्रतेचा भूकंप मजबूत घरांच्या मुलखात एवढे बळी घेत नाही. इथे दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाची जड माती होती. भिंती फुटल्या, माळवद झोपलेल्यांवर आले. मशिदीशेजारचे घर असो की देवळाशेजारचे, भिंतीने भेद केला नाही.

2002 मध्ये नकाशा बदलला. हा भाग तिसऱ्या क्षेत्रात आला. नकाशा बदलल्याने जुनी भिंत मजबूत होत नाही. गावाकडे वाडवडिलांचे माळवदाचे घर असेल, तर वरची माती हलकी करून घ्या, भिंती बांधून घ्या. पुढचा धक्का कधी येईल, हे कुणीही सांगू शकत नाही.