कार्यक्रम निर्मात्याची घडण

मराठी मुलखात रेडिओचा कार्यक्रम कसा बसवावा हे शिकवणारी शाळा पहिली वीस वर्षे नव्हतीच. 23 जुलै 1927 रोजी मुंबई केंद्र सुरू झाले. ते चालवणारी खासगी कंपनी 1930 मध्ये बुडाली आणि प्रसारण सरकारकडे गेले. 1936 मध्ये त्याला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. या काळात रंगभूमी, संगीत आणि साहित्य यांतून आलेली माणसे मायक्रोफोनसमोर काम करता करताच तयार झाली. कार्यक्रम विभागाच्या रीतसर प्रशिक्षणाची सोय दिल्लीत 1948 मध्ये झाली.

पुढे माहिती व नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांच्या कारकिर्दीत लेखक-कलावंतांना निर्माते म्हणून नेमण्याची पद्धत आली. पु. ल. देशपांडे आकाशवाणीतून लंडनला बीबीसीकडे प्रशिक्षणासाठी गेले आणि परतल्यावर दिल्लीच्या नवजात दूरचित्रवाणीवर निर्माते झाले. व्यंकटेश माडगूळकर पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात दीर्घकाळ होते. गावाची बोली ज्याच्या कानात आहे त्याच्याकडेच गावाचा कार्यक्रम असावा, ही निवड शहाणपणाची होती.

पुणे केंद्राने 1956 मध्ये केलेला प्रयोग तर निर्मात्यांसाठी मोठीच शाळा ठरला. युनेस्कोच्या मदतीने सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळे बनवली. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, असे वीस कार्यक्रम झाले. मंडळी एकत्र बसून ऐकत, नंतर चर्चा करत. त्यांचे प्रश्न केंद्राकडे जात आणि उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून मिळत. श्रोता काय विचारतो ते ऐकून कार्यक्रम आखायचा, हा धडा पुस्तकातून मिळणारा नव्हता.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. कॅमेरा, प्रकाशयोजना आणि संकलन यांची सांगड घालणारा निर्माता नुसत्या अनुभवावर घडणे कठीण होते. दिल्लीत 1971 मध्ये सुरू झालेला दूरचित्रवाणी प्रशिक्षण विभाग 1974 मध्ये पुण्यात, प्रभात स्टुडिओच्या आवारातल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आला आणि तिचे नाव ‘फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया’ झाले. तेथे पदवीधरांसाठी दूरचित्रवाणी दिग्दर्शनाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पुढे चालू झाला.

तलासरी तालुक्यातील उधवा आणि डहाणूच्या आदिवासी पट्ट्यातील तरुणांना ही वाट अजून लांबची आहे: आधी पदवी, मग प्रवेश परीक्षा, मग पुण्यातले वास्तव्य. वारली बोलीत कार्यक्रम करणारा निर्माता मात्र याच गावांतून यायला हवा. ती बोली ऐकत वाढलेले कान दुसरीकडे मिळणार नाहीत. 2006 च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओ केंद्र चालवण्याची मुभा दिली. गावातच शिकत शिकत कार्यक्रम करण्याचा मार्ग कायद्याने तेव्हापासून खुला आहे.