यवनांचे पुर आणि बंगळूरची चांदी

बंगळूरच्या यशवंतपुरात आणि पुढे हिंदुस्थान एअरोनॉटिक्सच्या विमानतळाच्या परिसरात ऑगस्टस, टायबेरियस व क्लॉडियस या रोमन सम्राटांची रौप्य नाणी सापडली, हे येथील इतिहासप्रेमींना ठाऊक आहे; परंतु त्या चांदीचा धागा महाभारताच्या सभापर्वातून थेट भूमध्यसमुद्राकाठच्या अलेक्झांड्रिया या राजधानीशी जुळतो, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही.

सहदेवाच्या दक्षिणदिग्विजयात पांड्य, केरळ, आंध्र, कलिंग यांच्या पाठोपाठ काही परकी नगरे येतात. कोपरगावच्या नीलकंठ चतुर्धरांच्या टीकेबरोबर जो पाठ सर्वत्र रूढ झाला, त्यात ‘आटवी’ नामक एक ‘रम्या’ पुरी आहे; मात्र पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरासाठी सभापर्व संपादणाऱ्या फ्रँकलिन एजर्टन यांनी हस्तलिखिते ताडून तेथे ‘अन्ताखी’ आणि ‘रोमा’, म्हणजे अँटिओक आणि रोम, हे पाठ स्वीकारले. मला हाच निर्णय ग्राह्य वाटतो, कारण अनोळखी ‘रोमा’ची ओळखीची ‘रम्या’ करणारा लेखनिक सहज संभवतो, उलट ‘रम्या’ची ‘रोमा’ करण्याचे कोणास काय प्रयोजन? त्यांच्याच शेजारी ‘यवनांचे पुर’ येते. कार्ल्याच्या लेण्यांत दाने देणारे धेनुकाकटचे यवन पाहता ही एखादी एतद्देशीय वसाहत असावी असे कोणी म्हणेल. पण अँटिओक व रोम यांच्या पंक्तीला बसण्याची योग्यता अलेक्झांड्रियाखेरीज कोणत्या यवननगरीची होती?

इ. स. पू. ३३१ मध्ये स्थापन झालेली टॉलेमींची ही राजधानी इ. स. पू. ३० मध्ये रोमच्या अमलाखाली गेली. तिचे जगविख्यात दीपगृह समुद्राकडे होते, तरी ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोच्या सांगण्याप्रमाणे समुद्रबंदरापेक्षा अधिक माल तिच्या पाठीमागच्या मरेओटिस सरोवराच्या बंदरात उतरे. केरळच्या मुझिरिस बंदरातली मिरी तांबड्या समुद्रातून, उंटांच्या पाठीवरून आणि नाईलच्या प्रवाहातून तेथेच पोचे, आणि तिच्यावर चौथाई जकात बसे.

पश्चिमेची नगरे दक्षिणेच्या दिग्विजयात कशी, हा आक्षेप येथे गळून पडतो: भारताच्या दृष्टीने त्या नगरांचा दरवाजा केरळच्या किनाऱ्यावर होता. तेथून ती नाणी पालघाटच्या खिंडीतून, कोंगुनाडमार्गे आमच्या पठारावर चढली असावीत. दक्षिणेतील अशा साठ्यांत हमखास आढळणाऱ्या टायबेरियसच्या नाण्यावर एका बाजूस पर्णमुकुट घातलेले सम्राटाचे मस्तक, दुसऱ्या बाजूस हाती राजदंड घेऊन बसलेली स्त्री असते. हिंदुस्थान दरसाल पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी रोमन लेखक प्लिनीची तक्रार आहे.

आता सभापर्वातला तपशील पाहावा: त्या नगरांवर सहदेव स्वतः चालून जात नाही, तो नुसते दूत धाडतो आणि खंडणी वसूल होते. लढाईवाचून दरसाल येणारी ही परकी चांदी, जिला रोममध्ये व्यापारातील तूट म्हणत, तिलाच आपल्या कवीने खंडणी म्हटले. आणि म्हणूनच हे श्लोक मुझिरिसचा व्यापार भरात आल्यानंतरचे, अर्थात इसवी सनाच्या पहिल्या शतकाआधीचे नव्हेत, असे माझे निश्चित मत आहे.