मुंबईची घरं : कोण मोजलं गेलं, कोण राहून गेलं

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला ‘आपल्या वास्तूचा इतिहास’ लिहायला सांगितलं. पण भूमिपूजन, ओसीसाठी घातलेल्या खेपा, पाण्याची टाकी, कन्व्हेयन्स हे सगळं आपल्या माजी सचिवांनी पान न् पान लिहून ठेवलंय, त्यात मी काय भर घालणार? म्हणून जरा मागे जातो. या शहरात सामान्य माणसाला डोक्यावर छप्पर कसं मिळालं, कोणी दिलं आणि कोणाला नाही मिळालं, हा इतिहासही आपलाच आहे. आपल्यापैकी निम्मे सभासद चाळीतून आलेत.

सुरुवात प्लेगपासून करावी लागते. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. ते मूळचे गोव्याचे, आणि महापालिकेचे सदस्यही होते. शहर भराभर रिकामं झालं, गिरण्यांना कामगार मिळेनात. काळोख्या, ओल्या, कोंदट चाळी हे रोगाचं घर, असं तेव्हा साहेबाच्या ध्यानात आलं. (मजूर त्या चाळींत वर्षानुवर्षं मरत होते, तेव्हा नाही आलं.) मग 1898 मध्ये कायदा करून ‘बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला.

ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले, समुद्राचा वारा गावात आणला. रस्ता काढायचा म्हणजे वाटेतली घरं पाडायची. पाडण्याचं काम झपाट्याने झालं, बांधण्याचं रेंगाळत राहिलं. घर गेलेली माणसं उठून पुढच्या गल्लीत, आधीच भरलेल्या खोल्यांत शिरली. तरी ट्रस्टने चाळी बांधल्या हेही खरं. परळच्या अशाच एका बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर दोन दशकं राहिले. दादर-माटुंग्याला ट्रस्टने जमीन आखून भूखंड पाडले, ते भाडेपट्ट्याने दिले. हिंदू कॉलनी, पारसी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स ही त्याचीच देणगी.

याच काळात आपल्यासारख्या सोसायट्यांचा जन्म झाला. 1915 मध्ये रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने गावदेवीत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली. पगारदार माणसं एकत्र आली, भागभांडवल जमवलं आणि घरमालकाच्या तोंडाकडे बघायचं बंद केलं. आपण आज मासिक मेंटेनन्स भरतो ती प्रथा तिथून येते म्हणा ना! पण भागभांडवल भरायला हातात काहीतरी लागतं. रोजंदारीवरच्या माणसासाठी हा रस्ता नव्हता.

त्याच्यासाठी आल्या बीडीडी चाळी. गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांनी 1920 मध्ये ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ काढलं. हे खातं सरकारचं, महापालिकेचं नव्हे. शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया जकात बसवून पैसा उभा करायचा आणि 50 हजार गाळे बांधायचे, असा बेत. प्रत्यक्षात नायगाव, ना. म. जोशी मार्ग (तेव्हाचा डिलाईल रोड), वरळी आणि शिवडी मिळून 207 चाळी आणि साधारण साडेसोळा हजार गाळ्यांवर काम थांबलं. खोली 160 चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक.

माझे आजोबा संगमेश्वर तालुक्यातून आले ते नायगावच्या बीडीडीत. एका खोलीत गावचे अकरा जण. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच वळकटीवर आडवा व्हायचा. जेवण खानावळवाल्या काकूंकडे. माझी आजी आली ती सहा वर्षांनी, खोली स्वतःच्या नावावर झाल्यावर. आजोबा म्हणायचे, “खोली मोठी नव्हती रे, पण गिरणीचा भोंगा ऐकू यायचा.” त्या वाक्यातच घराचं सगळं गणित आलं. कारण त्याच वेळी वरळीच्या चाळी कित्येक वर्षं ओस पडल्या होत्या. कामापासून लांब, भाडं परवडेना, आजूबाजूला काही नाही. शेवटी 1930 नंतरच्या सत्याग्रहात सरकारने तिथे कैदी ठेवले! घरं रिकामी आणि माणसं फुटपाथवर, हा चमत्कार मुंबईने तेव्हाच पाहिला. आज लांब कुठेतरी ट्रान्झिट कॅम्पमध्ये पाठवलेलं कुटुंब चार महिन्यांत परत कामाच्या जागी येऊन राहतं, तेव्हा आपण “यांना घर दिलं तरी नको असतं” म्हणतो. वरळीचा इतिहास वाचला तर असं म्हणवत नाही.

आता प्रश्न असा, की महापालिकेने स्वतः पुढे होऊन हे काम का केलं नाही? एक साधं उत्तर मतदारयादीत सापडतं. 1922 पर्यंत मत होतं कर भरणाऱ्यांना, म्हणजे मुख्यतः मालकांना. त्या साली महिना दहा रुपये भाडं भरणाऱ्यालाही मत मिळालं. बीडीडीतल्या खोलीला तेवढंही भाडं नव्हतं. सर्व प्रौढांना मत देऊन महापालिकेची निवडणूक झाली ती थेट 1948 मध्ये. चाळकऱ्याच्या नळाची, गटाराची, संडासाची दखल घेणारे नगरसेवक त्यानंतर दिसू लागले. हा निव्वळ योगायोग आहे असं मला वाटत नाही.

झोपडपट्टीचंही तसंच. 1971 चा कायदा आला, 1976 मध्ये गणना झाली, फोटोपास मिळाले आणि मग नळ, वीज, संडास पोचले. फुटपाथवर राहणारे बहुतेक त्या मोजणीत नव्हतेच. जुलै 1981 मध्ये भर पावसात त्यांची पालं उचलून लोकांना बसमध्ये घालून गावी धाडायला सुरुवात झाली. त्यातला एक भूमिहीन मजूर 1961 साली दुष्काळामुळे तामिळनाडूतल्या सेलमहून आलेला. त्याला सेलमला पाठवलं. बायको-मुली तिथे राहिल्या, तो कामासाठी परत आला आणि पुन्हा फुटपाथवरच राहिला. पत्रकार ओल्गा टेलिस यांच्या नावाने गाजलेल्या खटल्यात तोही अर्जदार होता. 10 जुलै 1985 ला सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने निकाल दिला. उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो, हे मान्य झालं. पण नोटीस देऊन फुटपाथ मोकळा करण्याचा महापालिकेचा अधिकारही कायम राहिला. पर्यायी जागा मिळणार होती 1976 च्या गणनेचं ओळखपत्र असणाऱ्यांना. म्हणजे पुन्हा मोजणीच!

त्याच वर्षी ‘स्पार्क’ या संस्थेने भायखळा परिसरातल्या फुटपाथवरच्या हजारो कुटुंबांची घरोघर नोंद केली आणि अहवालाला नाव दिलं ‘आम्ही अदृश्य’ अशा अर्थाचं. त्यातूनच पुढे ‘महिला मिलन’च्या बाया दिवसाला रुपया-दोन रुपये साठवू लागल्या. 1995 च्या पुनर्वसन धोरणात फुटपाथवासीही पात्र धरले गेले आणि यांच्यापैकी काही जणी मानखुर्दला पक्क्या घरात गेल्या. त्यांना कोणी शोधत आलं नव्हतं, स्वतःची यादी स्वतःच घेऊन त्या गेल्या होत्या.

आज नियम असा आहे की मोठ्या शहरात दर लाख लोकांमागे बेघरांसाठी एक कायमचा, चोवीस तास चालणारा निवारा हवा. 2011 च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या 1 कोटी 24 लाख आणि बेघर सुमारे 57 हजार. म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे पाहिजेत. प्रत्यक्षातली संख्या त्याच्या जवळपासही नाही. दुसरीकडे वरळी बीडीडीतल्या 556 कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्ये 500 चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. मनापासून आनंद झाला. 160 चे 500 व्हायला शंभर वर्षं लागली, पण झाले.

आपल्या मागच्या गेटबाहेर ताडपत्री बांधून राहणारी चार-पाच कुटुंबं सगळ्यांना माहीत आहेत. त्यातल्या दोघी आपल्याच ‘बी’ विंगमध्ये भांडी घासतात, एकीचा नवरा दिवाळीत आपल्या कंदिलाच्या वायरी ओढतो. गेल्या सभेत त्या जागी कुंड्या ठेवाव्यात म्हणून वॉर्ड ऑफिसला पत्र द्यायचं ठरलं. पत्र अजून गेलेलं नाही असं समजतं. माझी कार्यकारिणीला विनंती आहे, की जाणारच असेल तर त्यात दोन मजकूर घाला : आपल्या वॉर्डात निवारा कुठे आहे, त्यात बायका-मुलांसह कुटुंबाला जागा आहे का, ते लेखी कळवा, आणि या कुटुंबांची बेघर म्हणून नोंद घ्या. पक्का पत्ता नसलेल्यालाही मतदारयादीत नाव घालता येतं. तो खरंच तिथे झोपतो का, हे बघायला निवडणूक कर्मचारी रात्री येतो. फॉर्म भरून द्यायला मी आणि ‘ए’ विंगचे जोशीकाका रविवारी सकाळी क्लब हाऊसमध्ये बसायला तयार आहोत.